गाण्याचे खेळ घेऊन मुलांना भावना ओळखायला शिकवायचंय? पहिल्या दिवसापासून कसं करायचं ते

कोकणातल्या शाळेवर नवीन लागलेल्या शिक्षकांसाठी, अंगणवाडीताईंसाठी, आणि सुट्टीत वाडीतली पोरं गोळा करून काहीतरी चांगलं घ्यावं असं ज्यांना मनापासून वाटतं त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. गाता येत नसलं तरी चालेल, पेटी-तबला येत नसला तरी चालेल, टाळी वाजवता आली आणि मुलांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची तयारी असली की काम सुरू होतं.

भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे काय ते आधी थोडक्यात. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही कल्पना नीट मांडली, पुढे १९९७ मध्ये तिचे चार भाग केले: आपली आणि दुसऱ्याची भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती कशातून आली आणि पुढे काय होते ते समजणं, आणि ती सांभाळता येणं. वर्गात हे अगदी साधं दिसतं. एका पोराला राग आलाय हे त्याचं त्याला कळतं, शेजारी बसलेल्याला पण कळतं, आणि राग आला तरी हात न उचलता तो सांगता येतो. एवढं जमलं तरी खूप झालं, मोठ्या माणसांना पण ते रोज जमत नाही.

मग यात संगीत कशाला? गोष्टी सांगून, चित्रं दाखवून पण भावना शिकवता येतात, मी त्या पण वापरतो. पण सगळ्यांनी मिळून एका ठेक्यावर काही केलं की मुलांचं एकमेकांकडे लक्ष जातं, ते बोलून होत नाही. जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत सेबास्टियन किर्शनर आणि मायकल टोमासेलो यांनी ४ वर्षांच्या ९६ मुलांबरोबर एक प्रयोग केला होता, तो २०१० मध्ये छापून आला. मुलांच्या जोड्या केल्या, काही जोड्या बेडकांना जागं करायचा खेळ गाऊन, नाचून, वाजवून खेळल्या आणि काही जोड्या तोच खेळ संगीताशिवाय खेळल्या. नंतर एकाच्या हातातल्या गोट्या सांडतील अशी सोय केली होती, तर गाऊन खेळलेली मुलं जास्त वेळा मदतीला धावली. इंग्लंडमध्ये ८ ते ११ वर्षांच्या मुलांनी वर्षभर दर आठवड्याला गटात संगीताचे खेळ खेळल्यावर दुसऱ्याच्या भावना समजून घेण्यात फरक पडलेला दिसला, त्याचा पेपर २०१३ चा आहे. केंद्रप्रमुखांनी विचारलं हे काय चाललंय तर एवढं सांगता येईल, शिवाय राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये पण सामाजिक-भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहेच.

माझं एकच म्हणणं आहे, बाकी सगळं त्याच्याभोवती आहे. खेळ कुठलाही घ्या पण त्यात तीन गोष्टी हव्यात: मुलाला थांबावं लागलं पाहिजे, दुसऱ्याचं ऐकावं लागलं पाहिजे, आणि शेवटी आत काय झालं ते सांगायला दोन मिनिटं मिळाली पाहिजेत. आणि कुणालाही बाद करायचं नाही. बाद झालेलं पोर भिंतीला टेकून बसतं आणि ज्याला या खेळाची सगळ्यात जास्त गरज असते तेच बहुतेक वेळा पहिलं बाद होतं.

आधी सामान आणि जागा

विकत काहीच आणू नका. नारळाच्या करवंट्या दोन-दोन, आतलं खोबरं खरवडून उन्हात वाळवा आणि कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, एकमेकींवर आपटल्या की छान टक्-टक् आवाज येतो. प्लास्टिकच्या बाटलीत चिंचोके किंवा मूठभर तांदूळ घालून झाकण गोंदाने पक्कं बंद करा. काजूच्या बिया पण चालतात, आवाज जड येतो, पण बी अख्खी आणि वाळलेली हवी आणि बाटली कुणी उघडता कामा नये, कारण कवचातला डीक हाताला लागला तर कातडी भाजते हे इथल्या पोरांना माहीत असतं, बदली होऊन घाटावरून आलेल्या शिक्षकांना माहीत नसतं. बांबूच्या टिपऱ्या, पत्र्याचा रिकामा डबा, आणि वाडीत भजनी मंडळ असेल तर त्यांच्याकडून दोन टाळ मागून घ्या. लोक आनंदाने देतात. झांज मात्र बंद खोलीत नको, लहान मुलं कान झाकतात आणि शेजारच्या वर्गाचं गणित बुडतं.

जागा म्हणाल तर पडवी, व्हरांडा, नाहीतर बाकं भिंतीला लावून मोकळी केलेली खोली. सगळ्यांनी गोल बसायचं, तुम्ही पण खाली गोलात बसायचं, खुर्चीत नाही. वेळ १५ मिनिटं पुरे. परिपाठानंतर किंवा मधल्या सुट्टीनंतर लगेच, जेव्हा पोरं मैदानातली भांडणं डोक्यात घेऊनच आत येतात, तेव्हा तर हमखास. आनंददायी शनिवारी जरा जास्त वेळ मिळतो. द्विशिक्षकी शाळा असेल आणि पहिली ते चौथी एकत्र बसत असतील तर काळजी करू नका, उलट हे खेळ मिश्र वयात जास्त रंगतात कारण मोठी मुलं लहानांना सांभाळून घेतात.

दोन नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. मी हात वर केला की सगळे हात वर आणि सगळं शांत. आणि ज्याला नको वाटेल त्याने "पास" म्हणायचं, का ते कुणी विचारणार नाही. हा दुसरा नियम तुम्ही स्वतः पाळला नाही तर पुढचं काहीच होणार नाही.

पायरी १: टाळीवर नाव

पहिला आठवडा फक्त हाच खेळ घ्या. सगळे मिळून हळू ठेका धरा, मांडीवर एक थाप आणि एक टाळी, मांडी-टाळी, मांडी-टाळी. टाळीवर एकेकाने आपलं नाव म्हणायचं, आणि पुढच्या टाळीवर सगळ्यांनी ते नाव परत म्हणायचं. पण जसंच्या तसं. त्याने हळू म्हटलं तर हळू, ओरडून म्हटलं तर ओरडून, खेचून म्हटलं तर खेचून.

नावाच्या उच्चारावरून ठेका बांधायची पद्धत जगभर वापरतात, कार्ल ऑर्फ नावाच्या जर्मन संगीतकाराने मुलांसाठी जी शिकवण्याची पद्धत तयार केली तिच्यात बोलण्यातली लय आणि अंगावर वाजवणं याच्यापासूनच सुरुवात होते. मला मात्र यातलं परत म्हणणं जास्त मोलाचं वाटतं. जे पोर आपलं नाव ओठातल्या ओठात म्हणतं, त्याचं नाव अख्खा वर्ग तितक्याच मऊ आवाजात परत म्हणतो, तेव्हा त्या पोराचा चेहरा बघा. त्याला कुणी "मोठ्याने बोल" म्हटलेलं नसतं. आजवर प्रत्येक बाईने, गुरुजीने, काकाने हेच म्हटलेलं असतं की मोठ्याने बोल. इथे पहिल्यांदा सगळे त्याच्या आवाजाएवढे होतात.

तुम्ही स्वतः हे करताना कान उघडे ठेवा. काल खणखणीत नाव घेणारी मुलगी आज पुटपुटली तर काहीतरी झालंय. लगेच विचारू नका, मनात नोंद करा आणि मधल्या सुट्टीत सहज शेजारी जाऊन बसा.

चार-पाच दिवसांनी नावाच्या जागी "आज मी कसा आहे" ते एका शब्दात टाळीवर म्हणायला सांगा. सुरुवातीला सगळे "मस्त", "छान" म्हणतील, म्हणू देत. हळूहळू "झोप आलीय", "भूक", "वैताग" येतं. मालवण-कुडाळकडे मुलं "माका राग इलो", "माका भीती वाटता" असं म्हणतील, आणि तसंच म्हणू द्या, वर्गाने पण तसंच परत म्हणायचं. भावना घरच्या बोलीत आधी येते, ती प्रमाण मराठीत सुधारायला गेलात तर पोर पुढच्या वेळी "छान" म्हणून मोकळं होईल.

पायरी २: थांब-चाल

आता उभं राहायचं. तुम्ही डबा किंवा ढोलकी वाजवायची, मुलांनी त्या लयीत खोलीभर चालायचं, आवाज थांबला की जागच्या जागी पुतळा. संगीतावर चालायला आणि थांबायला शिकवून अंगात लय मुरवायची ही कल्पना स्वित्झर्लंडमधल्या एमिल जाक-दालक्रोझ याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वापरली होती, आणि आपल्याकडे पोरं स्टॅच्यू खेळतातच.

मोबाइल आणि स्पीकर वापरू नका असं माझं मत आहे. मध्येच जाहिरात लागते, फोन येतो, आणि मुख्य म्हणजे तुमचं लक्ष स्क्रीनकडे जातं. हाताने वाजवलं की मुलांकडे बघत बघत नेमकं कधी थांबायचं ते तुम्हाला ठरवता येतं. फिल्मी गाणं लावलं तर रीलमधल्या स्टेप सुरू होतात, तो पण आनंदच आहे पण तो गॅदरिंगसाठी ठेवा.

दोन-तीन दिवस झाले की उलटं करा: ठेका जलद झाला की मुलांनी हळू चालायचं, हळू झाला की जलद. हे फार अवघड जातं आणि म्हणूनच ते घ्यायचं. अंगाला धावायचं असतं आणि डोकं म्हणतं थांब. राग आल्यावर पण हेच करायचं असतं ना. खेळ संपल्यावर बसवून विचारा, "धावावंसं वाटत असताना थांबलात, तेव्हा अंगात काय झालं? कुठे झालं?" कुणी म्हणेल पायात, कुणी म्हणेल छातीत, कुणी दात आवळले म्हणेल. मग दुसरा प्रश्न, "हे आणखी कधी होतं?" इथे मुलं स्वतःहून क्रिकेटच्या बॅटवरून झालेली भांडणं सांगायला लागतात. तुम्ही काही उपदेश करू नका, फक्त ऐका.

संगीत खुर्ची सगळ्यांना येते, तीच जरा बदलून घ्या. खुर्च्यांच्या जागी खडूने कोब्यावर मोठे गोल काढा. दर फेरीला एक गोल पुसायचा, मूल मात्र एकही बाहेर काढायचं नाही, उरलेल्या गोलांत सगळ्यांनी मावायचं. शेवटी दोन गोल आणि वीस पोरं असतात आणि खोलीत जो गोंधळ उडतो तो बघण्यासारखा असतो. पाचवीच्या पुढे मुलं-मुली एकमेकांना चिकटून उभं राहायला लाजतात, त्यांच्यासाठी नियम सोपा करा: फक्त एक पाऊल गोलात हवं, कुणाला हात लावायची गरज नाही. "डोंगराला आग लागली, पळा पळा" मध्ये पण हेच करता येतं, आकडा म्हटल्यावर जो गटाबाहेर उरतो त्याला बाद करण्याऐवजी पुढचा आकडा त्याने सांगायचा. नंतर नक्की विचारा, "तुला आत कुणी ओढून घेतलं? तेव्हा कसं वाटलं? तू कुणाला जागा दिलीस?"

पायरी ३: पाऊस

कोकणात जून ते सप्टेंबर बाहेर जाता येत नाही, पोरं चार भिंतींत कोंडलेली असतात, तेव्हा हा खेळ जीव वाचवतो. सगळे गोल बसलेले, मध्ये एक जण पाऊस आणणारा. तो तळहात घासायला लागतो आणि गोलात हळूहळू फिरतो, ज्याच्यासमोर येईल त्याने तसं करायला लागायचं. दुसऱ्या फेरीत चुटक्या, तिसऱ्या फेरीत मांडीवर थापा, चौथ्या फेरीत थापांबरोबर पाय. कौलांवर आषाढ कोसळतोय असा आवाज होतो. मग त्याच क्रमाने उलटं यायचं, पाय बंद, थापा, चुटक्या, तळहात, आणि शांतता. शांततेत दहा आकडे मनात मोजायचे आणि बाहेर काय ऐकू येतंय ते ऐकायचं.

मोठी भावना चढते आणि उतरते, ती तशीच राहत नाही, हे सांगून पोराला पटत नाही. या खेळात ते हाताने करून कळतं. "आज सगळ्यात जोराचा पाऊस कधी होता? मग तो कसा गेला? एकदम गेला का?" असं विचारा. आणि नंतर कधी वर्गात कुणी रडून लाल झालं की "आता तुझा पाऊस कुठल्या फेरीत आहे रे?" एवढं विचारता येतं. तिसरी-चौथीची मुलं याला बरोबर उत्तर देतात.

इथे एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याला धडकलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत घरांचे छप्पर उडाले, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेलं, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. त्या भागातल्या मोठ्या वर्गांतल्या मुलांना ते आठवतं, आणि लहानांनी घरी शंभर वेळा ऐकलेलं असतं. पावसाचा आवाज वाढायला लागला की एखादं मूल गप्प होईल, कान झाकेल, किंवा विनाकारण हसत सुटेल. खेळाआधी सांगा की आपण पावसाचा आवाज करणार आहोत, तो आपल्या हातात आहे आणि आपण तो थांबवणार आहोत. घाबरणाऱ्या मुलाला बाहेर बसवण्यापेक्षा, त्याची तयारी असेल तर, मधली जागा त्याला द्या. पाऊस कधी थांबवायचा ते त्याने ठरवायचं. नाही म्हणाला तर पास.

पायरी ४: आवाज ओळखा

साधारण तिसऱ्या आठवड्यात, मुलं एकमेकांना सरावली की. चिठ्ठ्या करा: राग, आनंद, भीती, कंटाळा, लाज, हेवा, आणि एक चिठ्ठी नक्की टाका, वाट बघणं. ही शेवटची इथल्या पोरांना फार जवळची आहे. कुणाचे बाबा मुंबईला असतात आणि गणपतीत नाहीतर शिमग्याला येतात, कुणाचे होडीवर असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बाबा घरी, आणि ऑगस्टमध्ये समुद्र अजून शांत झालेला नसताना बोटी बाहेर पडतात. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ला अशा बंदराजवळच्या शाळेत शिकवत असाल तर त्या दिवसांत वर्गाचा मूड बदललेला तुम्हाला दिसेल.

एकाने चिठ्ठी उचलायची, कुणाला दाखवायची नाही, आणि करवंटी, बाटली किंवा डबा घेऊन ती भावना वाजवायची. बोलायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, हवं तर पाठ करून बसायचं म्हणजे फक्त आवाज राहतो. बाकीच्यांनी ओळखायचं. बहुतेक वेळा अर्धा वर्ग राग म्हणतो, अर्धा भीती म्हणतो. इथेच थांबा आणि विचारा, "तुला राग का वाटला? तुला भीती का वाटली?" एक म्हणेल जोरात वाजवलं म्हणून राग, दुसरी म्हणेल घाईत वाजवलं म्हणून भीती, माझं काळीज असंच धडधडतं. आणि दोन्ही बरोबर. समोरचा जोरात ओरडला म्हणजे तो रागावलाच आहे असं नाही, तो घाबरलेला पण असू शकतो, हे आठ वर्षांच्या मुलाला असं सापडतं. बरोबर उत्तराला गुण द्यायचे नाहीत, वाजवणाऱ्याने शेवटी चिठ्ठी उघडायची, बास.

सातवी-आठवीला याच्यात रंगभूमी आणता येते. सिंधुदुर्गात दशावतार बघितला नाही असं पोर विरळाच. राक्षस येताना मृदुंग कसा वाजतो आणि राजा येताना कसा, हे त्यांना विचारा, तोंडाने वाजवून दाखवतील. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतो, तसंच एकाने ठेका वाजवायचा आणि दुसऱ्याने त्या ठेक्याला शोभेल असं वाक्य बोलायचं. नवरस पण सांगा, भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत आणि शांतरस नंतर धरला गेला. पण याचा तास घेऊ नका, एवढा उल्लेख पुरे.

पायरी ५: आधी त्याचं, मग तुझं

रत्नागिरीकडच्या मुलांना जाखडी नाच माहीत असतो, त्यात शक्तीवाले आणि तुरेवाले असे दोन गट असतात, शक्तीवाले एक सवाल टाकतात आणि तुरेवाले जवाब देतात, मध्ये गाणारे-वाजवणारे आणि भोवती पायात चाळ बांधून नाचणारे. त्यातली फक्त सवाल-जवाबाची रचना घ्यायची. टोमणे वर्गात नकोत, ते मोठ्यांच्या सामन्यात शोभतात.

दोघं समोरासमोर. पहिला करवंटीवर छोटा ठेका वाजवतो. दुसऱ्याने आधी तो ठेका जसाच्या तसा वाजवायचा, पहिल्याने मान हलवून "हो, हाच" म्हणायचं, आणि मगच दुसऱ्याने आपला ठेका वाजवायचा. "हो, हाच" मिळत नाही तोवर आपलं वाजवायचं नाही. सुरुवातीला मुलं फार घाईत असतात, समोरचा वाजवत असतानाच स्वतःचं डोक्यात जुळवत असतात आणि मग त्याचं नीट ऐकलेलंच नसतं. दोन-चार वेळा अडलं की कान उघडतात.

हे मुरल्यावर ठेक्याच्या जागी वाक्य आणा. दोघांचं भांडण झालं असेल तर ते शांत झाल्यावर, त्याच दिवशी तापलेले असताना नाही, त्यांना हाच खेळ द्या. "तू माझी वही न विचारता घेतलीस म्हणून मला राग आला." समोरच्याने आधी हे वाक्य परत म्हणायचं, "हो, हाच" मिळवायचं, मग स्वतःचं सांगायचं. मला या सगळ्या खेळांत हा सगळ्यात जास्त आवडतो. बरीच भांडणं तिथेच अर्धी होतात कारण पोराला एवढंच हवं असतं की माझं कुणीतरी नीट ऐकलं.

पूर्ण गटासाठी गाऱ्हाण्याची रीत घेता येते. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालताना एक जण म्हणतो आणि सगळे "होय म्हाराजा" म्हणतात, ती लय मुलांच्या अंगात असते. डब्यावर हळू ठेका धरायचा, एकाने आपल्याला खुपणारी एक गोष्ट म्हणायची, "दादा माझी सायकल देत नाय", आणि सगळ्यांनी एका आवाजात साथ द्यायची. मात्र वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात आणि गाऱ्हाणं ही देवापुढची गोष्ट आहे, तिची नक्कल झाली असं घरी कुणाला वाटायला नको, म्हणून साथीचे शब्द मुलांकडूनच नवीन बनवून घ्या. "ऐकलं गो ऐकलं", "आमी आहोत हय" असं काहीही. फक्त अट एकच, कुणाच्याही गाऱ्हाण्याला हसायचं नाही आणि त्यावर उपाय सुचवायचा नाही.

शेवटची दोन मिनिटं

नवीन शिक्षक इथेच गडबडतात, बेल होते आणि बोलणं राहून जातं. १५ मिनिटं असतील तर ११ मिनिटांना खेळ थांबवा. "कसं वाटलं?" एवढंच विचारलंत तर सगळे सुरात "छाऽऽन" म्हणतील, म्हणून प्रश्न बारीक करा. आज कुणाकडे बघून तुला ठेका सापडला? कधी थांबायला जड गेलं? कुणाचा आवाज आज वेगळा होता? रोज एकच प्रश्न आणि तीन-चार मुलांची उत्तरं, सगळ्यांना बोलवायचा हट्ट नको. मुलगा रडला तर "मुलगे रडत नाहीत" असं कुणी म्हटलं की तिथल्या तिथे, पण शांतपणे, "इथे रडलेलं चालतं" म्हणा आणि पुढे जा.

कधीतरी एखादं मूल असं काही सांगतं की तुम्हाला आतून हलायला होतं: घरात मारहाण, दारू, नकोसा स्पर्श. वर्गासमोर जास्त विचारू नका, "तू सांगितलंस हे चांगलं केलंस, आपण नंतर बोलू" म्हणा आणि खरंच नंतर बोला. मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगा. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८ आहे, तो फुकट आहे, तुम्हाला पाठ असू द्या. कुणाला सांगणार नाही असं वचन मुलाला देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही.

जी मुलं खेळत नाहीत

काहींना मोठा आवाज सहन होत नाही, स्वमग्न मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. त्यांना दाराजवळ बसू द्या, टाळ-डबा बाजूला ठेवून फक्त मांडीवरच्या थापांनी खेळ घ्या, किंवा थांबायची खूण करायचं काम त्यांच्याकडे द्या. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला ढोलावर तळहात ठेवायला सांगा, थरथर हाताला कळते, आणि हात वर करायची खूण आधीपासून आहेच. नुसतं बघत बसणारं मूल काही करत नाही असं समजू नका, ते घरी जाऊन धाकट्या बहिणीबरोबर तोच खेळ खेळत असतं.

वर्षभराचा अंदाज

पहिला आठवडा नाव, दुसरा थांब-चाल, तिसरा आवाज ओळखा, चौथा आधी त्याचं मग तुझं, आणि पाऊस पडेल तेव्हा पाऊस. मग मुलांनाच निवडू द्या. गणपतीची सुट्टी संपून शाळा भरते तो पहिला दिवस मात्र राखून ठेवा. चाकरमानी परत गेलेले असतात, घर एकदम रिकामं झालेलं असतं, आणि त्या दिवशी आपण धडा पुढे नेत बसतो. त्या दिवशी टाळीवर नावाऐवजी "कोण गेलं" ते म्हणा, सगळ्यांनी ते नाव परत म्हणायचं, आणि मग "परत कधी येणार". शिमग्यानंतर वर्गात ढोलाचे ठेके आपोआप येतात, पालखी नाचवतानाचा ठेका कोण वाजवतो ते विचारा, जो एरवी मागच्या बाकावर असतो तोच पुढे येतो बऱ्याचदा. मोठ्या मुलांना जमलं तर गोफ घ्या, दोऱ्या विणायच्या आणि तशाच उलगडायच्या, एक जण चुकला की सगळे अडकतात आणि तेव्हा ते एकमेकांशी कसं बोलतात ते बघण्यासारखं असतं.

नोंद ठेवायला एक साधी वही करा, मुलाच्या नावापुढे तारीख आणि एक ओळ. "आज पहिल्यांदा पास म्हणाली." "भांडणात आधी त्याचं ऐकलं." "राग आलाय असं स्वतःहून सांगितलं." गुण, श्रेणी, स्टार काही देऊ नका. पालकसभेत वही वाचून दाखवायची नाही, पण एखाद्या आईला बाजूला घेऊन तिच्या मुलाची एक चांगली ओळ जरूर सांगा. आणि हे खेळ स्नेहसंमेलनाच्या स्टेजवर बसवायची मागणी आली तर प्रेमाने नाही म्हणा, तिथे समूहगीत द्या, त्याची तयारी वेगळी करा.